साडूंच्या हातून मेलेली झाडं

झाडांचे इतके मन लावून खून करणारा दुसरा माणूस अख्ख्या मुलुंडमध्ये नसेल, असं माझ्या थोरल्या साडूंबद्दल मी दोन वर्षं चारचौघांत सांगत आलो. कोरफड पाणी घालून कुजवणं सोपं नाही. साडूंनी ते तीनदा साधलं. मोगरा त्यांनी अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवला, सावलीतलं नेचं भर उन्हात तळलं आणि गुलाबाला साखरेसकट चहाचा चोथा घालून मुंग्यांची अशी रांग लावली, की ती खालच्या मजल्यावरच्यांच्या देवघरात पोचली. नर्सरीवाला त्यांना लांबून बघूनच विचारायचा, "साहेब, आज क्या मर गया?" आणि एवढी पापं करून हा माणूस बागकामाचे फायदे सांगत फिरायचा. मातीत हात घातला की बीपी उतरतं, झोप लागते, बोटं मोकळी होतात, घरची भाजी मिळते. घरची भाजी म्हणजे करंगळीएवढं एक कारलं. ते त्यांनी माझ्या शुगरवर उपाय म्हणून मला कागदात गुंडाळून दिलं होतं.

हे खूळ ताई आजारी पडल्यावर आलं. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, साडूंची बायको. पक्षाघाताच्या झटक्यात त्यांचा उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. सबंध सोसायटीला धाकात ठेवणाऱ्या ताई भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागल्या. व्यायामासाठी दिलेला रबरी चेंडू त्यांनी पलंगाखाली ढकलून दिला. अशा वेळी नवऱ्याने खिडकीच्या ग्रिलमध्ये कुंड्या मांडून झाडं मारत बसावं, याचा मला संताप यायचा.

एका रविवारी नाहूरच्या आमच्या घरून सकाळीच त्यांच्याकडे गेलो. दार उघडंच होतं. साडू ग्रिलशी उभे, समोर टोमॅटोचं रोप, फुलावर आलेलं, तरतरीत. त्यांनी आतल्या खोलीकडे एकदा वाकून पाहिलं, रोप मुळासकट उपटलं आणि अर्धी मुळं बाहेर राहतील असं तिरपं खोचून ठेवलं. माझ्या हातातली वड्यांची पिशवी पडायची बाकी होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी माझा दंड धरून मला स्वयंपाकघरात ओढलं आणि मोठ्याने जाहीर केलं, "झालं लावून, एकदम झकास."

आतून काठीचा आवाज आला. ताई आल्या, रोप पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. डाव्या हाताने त्यांनी रोप सरळ धरलं. उजव्याची बोटं वळेनात, तरी माती ओढली, दाबली, पुन्हा दाबली. "अहो... मुळं... उघडी," त्या म्हणाल्या. हा आवाज मी वर्षभर ऐकला नव्हता.

"चेंडूला ती हात लावत नाही रे," साडू माझ्या कानाशी कुजबुजले. "पण रोपाची वाट लागलेली बघवत नाही तिला. आजारानंतरचा पहिला शब्द काय बोलली, माहितीय? 'गाढव.' मी कोरफडीला पाणी घालत होतो." हे सांगताना त्यांचा चेहरा बक्षीस मिळालेल्या मुलासारखा झाला होता. "कोणाला बोलू नकोस हां."

आता ताई नीट बोलतात, काठी कोपऱ्यात पडून असते. गेल्या महिन्यात गेलो तेव्हा साडू नर्सरीत गेले होते आणि ताई उजव्या हाताने पिवळी पानं खुडत होत्या. मला राहवलं नाही. वचन मोडून मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी मानही वर केली नाही.

"मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं," त्या म्हणाल्या. "पस्तीस वर्षांत ऑफिसातली एक फाईल ज्यांनी वाकडी ठेवली नाही, ते रोप वाकडं लावतील?"

मी म्हणालो, "मग आता तरी सांगा ना त्यांना. बऱ्या झालात की तुम्ही."

"मी नाही सांगणार, तुम्हीही नका सांगू. कुंड्यांत गुंतलेले असतात तेवढा वेळच बरे असतात. नाहीतर दिवसभर माझ्याकडे बघत बसतात, मी पुन्हा पडेन म्हणून."

तेवढ्यात साडू आले. हातात जास्वंदीचं नवं रोप, जिना चढून धाप लागलेली. "कुठे लावू गं हे?"

"कुठेही लावा," ताई म्हणाल्या. "मी आहे ना."

साडू रोप छातीशी धरून थेट अंधाऱ्या कोपऱ्याकडे निघाले.