नऊ वर्षांनी कमांड टाकताना

नोकरी सुटून नऊ वर्षं झाली होती. पनवेलच्या एका छोट्या कंपनीत मी सर्व्हर सांभाळायचे. मग लग्न, लोधिवली गावातलं सासर, मुलगी, सासऱ्यांचं लांबलेलं आजारपण, असं करता करता परत जायचं राहूनच गेलं. सासरे गेले, मुलगी शाळेत रमली, तेव्हा घरून करायच्या कामासाठी एका ठिकाणी अर्ज टाकला. त्यांनी चाचणी पाठवली. एक प्रोग्रॅम आपल्या लॅपटॉपवर बसवायचा, त्यांनी दिलेल्या फायली त्याच्यावर चालवायच्या आणि दुपारी चारच्या आत निकाल पाठवायचा. जमलं तर काम मिळणार, नाहीतर विषय संपला. नवरा खोपोलीला पहिल्या शिफ्टला निघताना म्हणाला, "नाय झालं तरी टेन्शन घेऊ नको गं." चांगल्या मनानंच म्हणाला, पण मला दिवसभर तेवढंच टोचत राहिलं.

प्रोग्रॅम बसला. चालवायला गेले तर पडद्यावर आलं, कमांड नॉट फाउंड, म्हणजे असा हुकूम सापडत नाही. याचं मला काहीच वाटलं नाही. शेल म्हणजे ती काळी खिडकी, जिच्यात आपण हुकूम टाइप करतो. ती काही अख्खी डिस्क धुंडाळत बसत नाही. तिच्याकडे PATH नावाची एक यादी असते, आणि त्या यादीतल्या फोल्डरांतच ती शोधते. आमच्या घरातली माणसंही तशीच. नेहमीच्या दोन जागी वस्तू दिसली नाही की तिसरीकडे बघायचं नाही, मला हाक मारायची.

तेव्हा नवा फोल्डर यादीत घातला की झालं. सेटिंगच्या फायलीत एक ओळ लिहिली, सेव्ह केली, चालू खिडकी बंद केली आणि नवी उघडली. हातातलं काम संपलं की ओटा पुसून मोकळं व्हायची सवय लागलेली. ती जुनी खिडकी उघडी राहिली असती तर पुढचा ताप वाचला असता.

आता प्रोग्रॅम सुरू झाला आणि लगेच बंद पडला. त्याला लागणारं दुसरं काहीतरी सापडत नव्हतं. फोल्डरात काय काय आहे ते बघावं म्हणून ls टाकलं. हा कुणीही शिकतो तो अगदी पहिला हुकूम. उत्तर आलं, कमांड नॉट फाउंड. तारीख विचारली, तीही नाही. फाइल उघडायचा एडिटर, तोही नाही. लॅपटॉप दोनदा बंद करून चालू केला. मोबाइलवर शोधावं तर रेंज येऊन जाऊन. जे सापडलं त्यात दहा जणांची दहा मतं, आणि एकाचं म्हणणं, सगळं पुसून पुन्हा बसवा.

मला घाबरायलाही त्राण नव्हतं. नुसता कंटाळा दाटून आला. वाटलं, बाई, तू हे सगळं कधीच विसरलीस, आणि आज ते यंत्रानं तोंडावर सांगितलं. सासूबाई दारात आल्या. "ताट वाढलंय. व्हतंय का गं?" मी म्हटलं, "नाही आई." त्या काही न बोलता आत गेल्या. त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ मी माझ्यापुरता लावून टाकला: हिला काही जमायचं नाही.

पावणेतीनला कुरियरवाल्याचा फोन आला. फाट्यावर उभा होता, घर सापडत नव्हतं. आमच्याकडे घरांना नंबर असून नसल्यासारखे. मी नेहमीसारखं सांगत गेले: हायवे सोडा, शाळेवरून आत या, पाण्याच्या टाकीला वळसा, पुढे निळं गेट. पाच मिनिटांत माणूस दारात. सही केली, खोकं कोपऱ्यात ठेवलं आणि तशीच लॅपटॉपपुढे बसले. मनात आलं, नुसतं नाव कशाला घेतेस, पूर्ण पत्ता दे की. /bin/ls, म्हणजे bin फोल्डरातलं ls, असं टाइप केलं.

फायली दिसल्या. म्हणजे सगळं जागच्या जागी होतं, काहीही गेलं नव्हतं. मग यादी बघितली तर तिच्यात एकच फोल्डर, माझा नवा. जुन्या यादीत भर घालायची सोडून मी तिच्यावरच नवी लिहून बसले होते. आधीपासून उघड्या खिडकीत जुनी यादी तशीच राहते, पण ती खिडकी मी बंद करून टाकली होती. एडिटरलाही पूर्ण पत्त्यानं हाक मारली, ओळ सुधारली, नवी खिडकी उघडली. या वेळी जुनी बंद केली नाही. प्रोग्रॅम मुकाट्यानं चालला. चारला वीस मिनिटं कमी असताना निकाल पाठवला. मग गार झालेलं ताट घेऊन बसले.

सहाच्या सुमाराला उत्तर आलं. सोमवारपासून काम सुरू.

सासूबाई मागच्या पडवीत तांदूळ निवडत होत्या. त्यांना सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"मला वाटलं, तू सारं इसरलीस," त्या म्हणाल्या. "घरातलंच करत बसलीस ना इतकी वरसं. आमच्यापायी गेलं तुझं, असं वाटलं. म्हून दुपारी माझ्याच्यानं काय बोलवलं नाय."

"मलाही तसंच वाटलं होतं, आई," मी म्हटलं, आणि त्यांच्या शेजारी खाली बसले. सूप पुढे ओढून मीही खडे वेचायला लागले.