बब्रुवानची उदासी
त्र्याहत्तरच्या दुष्काळात विशीतला बब्रुवान येडशीजवळ तलावाच्या कामावर माती वाहत होता. मूळचा हसरा गडी, पण दोन महिन्यांपासून त्याला माणसांचं बोलणं दूर धुरळ्यापलीकडून आल्यासारखं ऐकू येई. झोप उडाली होती, रिकामं घमेलंही जड वाटे. मुकादम त्याला आळशी म्हणे. आई म्हणे, बाहेरचं काहीतरी लागलंय.

एका दुपारी थोरली भावजय कमलबाई त्याच्याजवळ बाभळीखाली येऊन बसली.

"भावजी, काय होतंय तुमाला?"

"वैनी, म्या हळूहळू विरघळत चाललोय बगा. जगूच नये वाटतं."

ती रागावली नाही. त्याला एकटं न सोडता दुसऱ्याच दिवशी सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं.

"हा आळस नव्हे, उदासीचा आजार आहे. तरुणांनाही होतो. औषधानं बरं वाटेल, पण वेळ लागेल."

गोळ्या सुरू झाल्या. कमलबाई रोज त्याच्यासोबत कामावर चालत जाई. दोनेक महिन्यांनी वाटेत बाभळीवर साळुंक्यांचं भांडण बघून तो खुदकन हसला, आणि आपण हसलो याचंच त्याला नवल वाटलं.

पुढं तो दूध सोसायटीत लागला. मधूनमधून मन पुन्हा काळवंडायचं. तेव्हा तो लपवत नसे, आपणहून दवाखाना गाठायचा.