हार्पसिकॉर्डचा पंचम

निघताना बाबा टॅक्सीपर्यंत आले आणि माझ्या हातातला तंबोरा काढून घेतला. "विमानात भोपळा फुटेल. तिकडे मिळेल काहीतरी वाजवायला."

तिकडे, पिस्कॅटवे या अमेरिकन गावात, मार्गारेट मिळाली. दोन घरं सोडून राहायची, तेव्हाच सत्तरी ओलांडलेली. तिच्या हॉलमध्ये हार्पसिकॉर्ड होतं, पियानोचा किडकिडीत पूर्वज. त्याच्या तारांवर हातोडी पडत नाही, पिसाच्या टोकाने त्या छेडल्या जातात. तरुणपणी शिक्षकांनी तिला सांगितलं होतं, असली वाद्यं म्युझियममध्येच शोभतात. तिने गॅरेजमध्ये स्वतः एक बांधलं, चार मैत्रिणी जमवल्या आणि शतकांपूर्वीचं संगीत त्या काळच्याच पद्धतीने वाजवत गावोगावची चर्चेस पालथी घातली. "सुरुवातीला श्रोत्यांपेक्षा आम्हीच जास्त असायचो," हे ती मोठ्या ऐटीत सांगे. पुढे तिच्या शिष्या देशभर पसरल्या.

हे वाद्य दर मैफलीआधी लावावं लागतं. एकदा तिने खुंट्या फिरवायची किल्ली माझ्या हाती दिली. "तंबोऱ्यावर वाढलीस ना? लाव."

मी एकेक पंचम शुद्ध लावत गेले, दोन तारा एकजीव होईपर्यंत. शेवटची जोडी दाबली आणि ती लांडग्यासारखी विव्हळली. मार्गारेट हसून हसून सोफ्यात बसली. "हनी, इथे बारा सूर एकत्र नांदतात. प्रत्येकाने थोडं सोडायचं असतं. सगळे शुद्ध राहिले, तर शेवटच्या बिचाऱ्याने कुठे जायचं?"

बाबांना फोनवर सांगितलं. "मुद्दाम पंचम उतरवायचा? पाप आहे ते." चार दिवसांनी त्यांचाच फोन आला. "किती उतरवतेस?"

या मार्चमध्ये मार्गारेट गेली. शिष्यांनी तिच्या आठवणीत मैफल ठरवली आणि वाद्य लावायचं माझ्यावर आलं. नवरा म्हणाला, "अ‍ॅप आहे यार, टेन्शन कशाला घेतेस?" पण तिने आयुष्यभर कानानेच लावलं होतं. भीती एवढीच होती, की ती शेजारी नसताना माझा कान जुन्या सवयीकडे पळेल आणि तिच्याच मैफलीत लांडगा ओरडेल.

सकाळी रिकाम्या चर्चमध्ये बसले. प्रत्येक पंचम आधी शुद्ध लावला, क्षणभर ऐकला, मग केसभर उतरवला. शेवटची जोडी दाबली. गोड लागली. मागच्या बाकावर मार्गारेटची जुनी मैत्रीण कधीतरी येऊन बसली होती. ती म्हणाली, "तरी मार्गारेटने काहीतरी खोट काढलीच असती." आम्ही दोघी बराच वेळ हसलो, डोळे पुसत.

बाबा फोनवर विचारतात, आता घर कुठलं म्हणायचं. इथे इतकी वर्षं प्रत्येकाने मला आधी विचारलं, मूळची कुठली. त्या दुपारी मैफल संपली, तेव्हा एक अनोळखी बाई गर्दीतून वाट काढत पुढे आल्या आणि विचारू लागल्या, "आज वाद्य कुणी लावलं?"

मी हात वर केला.