माझं पुस्तक तिच्या मांडीवर

मंडळी, आज मी एका अनोळखी बाईवर जळले. अगदी मनापासून.

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या ग्रंथालयात एक रहस्यकादंबरी आहे. दोन महिने मागतेय, दर वेळी एकच उत्तर, "बाहेर गेलीय." आज सकाळी सिल्लोडच्या एसटीत बसले, तर शेजारच्या बाईच्या मांडीवर तीच! खाकी कव्हरवर पेनानं लिहिलेलं नाव, खाली आमचाच शिक्का.

वाटलं, हिसकावून घ्यावी. मग नुसती मान तिरकी करून वाचायला लागले. तिचं पान संपायचं तेव्हा मी अर्ध्यावर असायचे. त्याचीही जळजळ!

थोड्या वेळानं ती पान धरून थांबली. "झालं का ताई? उलटू?"

लई लाज वाटली. तरी म्हणाले, "थांबा, चार ओळी राहिल्यात."

"वाचा की निवांत. माझं दुसऱ्यांदा चाललंय."

दुसऱ्यांदा! इकडं मी चकरा मारतेय, आणि ही खुनी कोण ते माहीत असून पुस्तक सोडत नाय! खरं सांगा, तुम्ही जळला नसता?

शेवटची वीस पानं तिच्या पिशवीतून तिच्या घरी गेली.

मला मध्येच फुलंब्रीला उतरायचं होतं, ऑफिस आहे तिथं. ही पोस्ट सिल्लोडच्या स्टँडवर बसून लिहितेय.