उजवीकडे, डावीकडे, सावकाश

आधीच सांगते... हे वाचून कुणी "अहो, तुम्हीसुद्धा?" असं विचारलं तर मला राग येणार नाही. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर असं विचारणारी पहिली मीच असते. माझं शिक्षण स्टॅटिस्टिक्सचं, नोकरी सिडनीत, पॅरामॅटाला एका बँकेत आकड्यांशी. आम्ही राहतो त्या गिरावीनच्या बायकांमध्ये असला चमत्कारांचा विषय निघाला की चहा टाकायला उठते ती मीच. तरी लिहितेय. कारण आई आता थकत चालली आहे, आणि ती असतानाच हे एकदा कागदावर यावं असं वाटलं.

काळ दोन हजार सात-आठचा. स्टुडंट व्हिसावर आपली मुलं विमानं भरभरून ऑस्ट्रेलियात येत होती. बहुतेक सगळी मेलबर्न नाहीतर सिडनीला. मी मात्र टूवूंबाला, कारण तिथल्या युनिव्हर्सिटीने मला घेतलं. डोंगरावरचं गाव, मे महिन्यातही हाडं गारठवणारी थंडी, आणि बस तासाला एक... तीही आली तर. विद्यार्थ्यांना आठवड्याला वीस तास काम करायची परवानगी असायची. मी ते एका वृद्धाश्रमात करायचे. दुपारची शिफ्ट. म्हाताऱ्या माणसांना चालवून आणायचं, जेवू घालायचं, रात्रीचे कपडे चढवायचे.

तिथे एक गोडलिव्ह नावाची बाई होती. नाव गोडलिव्ह, पण गोडवा नावालाही नाही. सूप गार आहे म्हणून चमचा फेकायची, आणि गरम आहे म्हणूनही. नव्वदीला आलेली, डोळ्यांनी जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. मूळची बेल्जियममधल्या ब्रूजची. लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर बोटीने इकडे आली, टूवूंबाजवळ गाई पाळल्या आणि परत कधी गेलीच नाही. विसरण्याचा आजार इतका वाढला होता की स्वतःच्या मुलीचं नावही आठवायचं नाही. ब्रूजच्या गल्ल्या मात्र पाठ!

रोज दुपारी मी तिला तिच्या वॉकरसकट कॉरिडॉरमधून फिरवायचे. म्हणजे मला वाटायचं मी फिरवतेय. ती मला ब्रूज फिरवत असायची. "घरी ने मला," असा इंग्लिशमध्ये हुकूम सोडायची आणि निघायची. सपाट फरशीचा कॉरिडॉर, पण लाँड्रीच्या दारासमोर ती पाय उचलायची, दोनदा. तिथे म्हणे दोन पायऱ्या होत्या. टीव्हीच्या खोलीपाशी मान खाली घालायची, कारण दार बुटकं. त्यापुढे बाग, बागेत पंप, मग दुसरं दार, मग पूल. रोज तेच, तिथेच. दोन वर्षांत एकदाही चुकली नाही. आणि शेवटी आपल्या खोलीत पोचली की पलंग चाचपायची आणि चिडायची. "हे नाही माझं घर!"

एकटं असलं की मी मराठीत पुटपुटते, ती माझी सवय. वॉकर वळवताना 'उजवीकडे', 'डावीकडे' आणि तिच्या त्या नसलेल्या पायऱ्यांपाशी 'सावकाश'. म्हातारीने हे तिन्ही शब्द उचलले. 'साव-काश' असं मधे थांबून, खडसावल्यासारखं म्हणायची. मला हसू यायचं, आणि खरं सांगते, रडूही यायचं. त्या गावात मराठी बोलणारी तीच एक होती.

बाबा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. दादाने आणि मी आईच्या मागे लागून तिला बायकांच्या एका युरोप टूरला पाठवलं. आई चिंचवड सोडून एकटी कधी सासवडलासुद्धा गेली नव्हती. इंग्लिश 'थँक्यू'पुरतं. शुगरचा त्रास. मी तिच्या मोबाइलवर एक नंबरचं बटण माझ्या नावाला लावून दिलं होतं, दाबून धरलं की फोन मला. टूरमध्ये ब्रूज होतं. अर्धा दिवस, मग बस पुढे ॲमस्टरडॅमला.

त्या दिवशी साडेसहाच्या सुमारास मी गोडलिव्हच्या पायात सपाता घालत होते. तिकडे सकाळचे साडेदहा. कामावर फोन जवळ ठेवायला बंदी, पण आई टूरवर होती म्हणून ठेवला होता. तो वाजला. हातात ग्लोव्ह्ज, म्हणून स्पीकरवर टाकला.

"मनी... मी चुकले गं."

आईने कसंबसं सांगितलं. टूर मॅनेजरने सगळ्यांना दिसावं म्हणून छत्रीच्या टोकाला केशरी उपरणं बांधलं होतं. आई एका पुलावर हंस बघत थांबली, आणि मग केशरी दिसलं म्हणून मुकाट्याने मागे चालत राहिली. पंधरा मिनिटांनी कळलं, ती केशरी टोप्या घातलेल्या डच आजी-आजोबांची सहल होती! त्या धांदलीत गल्ल्या किती वळल्या ते कळलंच नाही.

"बस अकराला सुटणार आहे. मॅनेजरचा नंबर मोठ्या पर्समध्ये, पर्स बसमध्ये. सगळी घरं सारखीच दिसतात गं. विटांची. कुणाला काय विचारू? आणि मला घाम येतोय..."

घाम म्हणजे शुगर उतरत होती. "खिशात गोळी आहे का? आधी ती तोंडात टाक," मी ओरडले. एवढ्यात फोनमधून घंटा वाजायला लागल्या. मनोऱ्यावरच्या, एकामागून एक, अख्खी धूनच.

गोडलिव्ह ताठ बसली. दोन वर्षांत तिचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. तिने माझ्या हातातून फोन ओढून घेतला, कानाला लावला, घंटा थांबेपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, "डावीकडे."

पलीकडून आई म्हणाली, "मनी, कोण गं ही?"

"आई, ती तिथलीच आहे... ऐक तिचं," असं मी म्हणतेय तोवर फोनने टुक-टुक केलं आणि स्क्रीन काळा झाला. बॅटरी संपली. चार्जर घरी. आईचा टूरवरचा नंबर त्याच फोनमध्ये, पाठ नाही. मला फक्त चिंचवडच्या घरचा नंबर पाठ. धावत जाऊन आमच्या नर्सचा, शॅरनचा फोन घेतला आणि दादाला लावला. त्याने आईला लावून पाहिलं, लागेना. म्हणाला, "टूरच्या ऑफिसला करतो." पुण्यातलं ऑफिस आणि दुपारचे दोन! फोन नुसता वाजत राहिला.

मी परत आले तर गोडलिव्ह खोलीत नाही. कॉरिडॉरमध्ये होती. वॉकरशिवाय! एका हाताने भिंतीचा कठडा धरलेला, दुसऱ्या हाताने तो मेलेला फोन कानाला. "उजवीकडे." चार पावलं. "डावीकडे." लाँड्रीसमोर थांबली, "साव-काश." पाय उचलला, दोनदा. मी फोन घ्यायला गेले तर माझा हात झटकला.

"राहू दे गं तिला, लव्ह," शॅरन म्हणाली. "बॅटरी गेलेली तिला कुठे कळतेय? छान गप्पा चालल्यात."

मी तिच्या पडण्याच्या भीतीने मागे मागे चालत राहिले आणि मनात आईसाठी गणपतीला हाका मारत होते... हो, मीच. वीसेक मिनिटं हे चाललं. शेवटी ती आपल्या खोलीत पोचली, पलंग चाचपला, बसली. त्या दिवशी चिडली नाही. तिच्या भाषेत एकच शब्द बोलली, 'थाउस'. फोन उशीवर ठेवला आणि डोळे मिटले.

पुढच्या मिनिटाला शॅरनचा फोन वाजला. दादा. "मॅनेजरचा फोन आला. आई बसमध्ये बसलीय. चिवडा खातेय."

मी तिथेच, फरशीवर बसून रडले.

घरी येऊन फोन चार्ज केला आणि आईला लावला. तर आईच मला म्हणते, "त्या बाईंचे आभार मानलेस का? बसच्या दारापर्यंत सोडलं गं त्यांनी."

"सोडलं म्हणजे?"

"फोनवरून! तू नंतर काही बोललीच नाहीस, पण त्या बोलत होत्या ना. उजवीकडे, डावीकडे. पायरी आली की सावकाश. एक बुटकं दार आलं तेव्हा त्या सावकाश म्हणाल्या म्हणून थांबले, नाहीतर कपाळच फुटलं असतं. पलीकडे बाग काय सुंदर, पांढरी घरं, मधे पंप..."

मी माझ्या फोनमधली नोंद बघितली. आईचा कॉल दोन मिनिटं चाळीस सेकंदांचा. त्यानंतर काही नाही. कुठून असणार? फोन बंद होता, हे मी पाहिलं, शॅरनने पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी गोडलिव्हचे हात धरून आभार मानले. "कसली आई? माझा चहा कुठाय?" असं म्हणाली. नेहमीसारखी वॉकर घेऊन "चला, घरी जाऊ" म्हटलं, तर मान हलवली. "जाऊन आले." त्यानंतर वर्षभर जगली, पण त्या कॉरिडॉरमध्ये फिरायला एकदाही निघाली नाही. घरी ने असं म्हणालीही नाही. रविवारी तिची मुलगी आली तेव्हा मी सहज विचारलं, थाउस म्हणजे काय? ती म्हणाली, "घरी."

माझ्या नवऱ्याचं म्हणणं, आईने घाबरून मनाशीच ऐकलं असेल आणि नशिबाने वाट सापडली असेल. असेल. मीही बरीच वर्षं स्वतःला हेच समजावलं.

मग गेल्या वर्षी आई, नवरा आणि मी ब्रूजला गेलो. पहिल्या दिवशी शहराबाहेर, कालव्याच्या काठाने डॅम नावाच्या खेड्यापर्यंत. दोन्ही बाजूंना उंच झाडं, वाऱ्याने सगळी एकाच अंगाला कललेली, आणि पुढे पवनचक्की. इतकं सुंदर गाव सोडून ती बाई टूवूंबाच्या माळावर शेण काढायला आली, या विचाराने मला भरून आलं. दुसऱ्या दिवशी मनोऱ्याखालच्या चौकातून निघालो. पायऱ्यापायऱ्यांच्या माथ्याची ती विटांची घरं, पाण्यावर हंस, डोक्यावर घंटा. पुढे आई, मागे आम्ही. एका गल्लीत वळलो आणि बोलता बोलता माझा पाय आपोआप उचलला गेला. खाली बघितलं. पायरी. मग दुसरी. टूवूंबाच्या लाँड्रीसमोरच्या त्या दोन...

अंगावर सर्रकन काटा आला. भीती नाही वाटली, तसं समजू नका. देवळात गाभाऱ्यापाशी जसं एकदम गप्प व्हायला होतं, तसं झालं. पुढे बुटकं दार आलं. मी मान खाली घातली. बाग, पंप, पांढरी घरं. नवरा हातात मोबाइल धरून नकाशा शोधायचंही विसरला होता. बागेच्या दुसऱ्या दाराबाहेर छोटा पूल, आणि पलीकडे झाडांमागे उभ्या असलेल्या टूरच्या बसेस.

पुलाच्या अलीकडे, शेवटच्या घरासमोर आई थांबली. "इथे बोलल्या त्या शेवटचं. मग पुढे काही नाही. मला वाटलं, समोर बस दिसतेय म्हणून ठेवला फोन."

"काय बोलल्या?"

"सांगितलं नव्हतं का तुला? 'घरी' म्हणाल्या." आई त्या दाराकडे बघत होती. "चांगलं शिकवलंस हो त्यांना मराठी."

मी बोटांवर शब्द मोजले. उजवीकडे, डावीकडे, सावकाश. मी तिला तीनच शब्द शिकवले होते.