आतून उघडणारं झाकण

नागापूरच्या एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं शॉप आहे. वडिलांनी, म्हणजे आबांनी, फौजेतून आल्यावर ते टाकलं. आता मी चालवतो, म्हणजे तसं ते मला म्हणू देतात. पंच्याहत्तरी ओलांडली तरी रोज सकाळी येऊन दारात खुर्ची टाकतात. शॉपचा एक नियम त्यांनीच घालून दिलाय, की आपलं कुठलंही दार आतून उघडलं पाहिजे. मग ते गोदामाचं असो नाहीतर संडासाचं. सोनईच्या एका शेतकऱ्याच्या गोठ्याच्या फाटकालाही त्यांनी आतून कडी बसवून दिली. म्हैस ती कशी उघडणार, असं त्याने विचारलं. "तिचं ती बघंल," आबा म्हणाले.

एकाहत्तरच्या लढाईत ते रणगाड्यावर होते. घरी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. लहानपणी मी एकदा विचारलं, तेव्हा आईने डोळे वटारले आणि विषय संपला. दारांचा नियम म्हणजे म्हाताऱ्याचं खूळ, असं मी ठरवून टाकलं होतं.

गेल्या हिवाळ्यात पुण्याहून एक दिग्दर्शक आला. वय माझ्या मुलाएवढं, बोलणं माझ्या सासऱ्यासारखं. एका विज्ञान कादंबरीवरून तो चित्रपट करत होता. दुसऱ्या ग्रहावरच्या लढाईत यान पेटतं, झाकण अडकतं, आतला सैनिक मरतो. बाहेरचा त्याचा जोडीदार वाचून पृथ्वीवर परत येतो, पण डोळा लागला की पुन्हा त्या यानापाशी असतो. ते यान त्याला पत्र्याचं करून हवं होतं. गेट आणि ग्रिल करून मी कंटाळलो होतो, म्हणून हो म्हणालो. ही सगळी कथा तो आबांच्या खुर्चीशेजारी उभा राहून सांगत होता, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. तेव्हापासून एकच धास्ती होती, की हे त्यांना सोसणार नाही.

आबा मात्र म्हणाले, "झाकन मी करतो."

आठ दिवस त्यांनी बिजागरीवर घालवले. झाकण एका बोटाने उघडायला लागलं. दिग्दर्शक आला, त्याने ते चारदा उघडून पाहिलं आणि डोक्याला हात लावला.

"आबा, हे अडकायला हवं. कथेचा गाभाच तो आहे."

"अडकनारं झाकन आपल्याकडं होत न्हाई. गाभा दुसरीकडनं करून घ्या."

शूटिंग आमच्याच आवारात होतं. त्या दुपारी आबा जेवायला घरी गेले, तेव्हा मी गुपचूप बाहेरून एक बोल्ट मारला. ते परत आले, झाकणाला हात लावला, पाना घेऊन बोल्ट काढला आणि खिशात टाकला. लहानपणी त्यांचा मार खाल्लाय, पण इतका ओशाळलो नव्हतो.

बऱ्याच वेळाने तेच उठून आले. "अडकवा," म्हणाले, "पन आत कुनी बसायचं न्हाई."

मग बोल्ट पुन्हा लागला आणि रिकाम्या यानाचं शूटिंग झालं. अडकलेला सैनिक आतून पत्रा ठोकतो, ते ठोके नंतर वेगळे घ्यायचे ठरले. त्याचं काम करणारा नट यानाच्या मागे उभा राहून पत्रा बडवू लागला. जोरात बडवत होता, तालही धरला होता. वरातीत चालला असता.

"असं न्हाई," आबा म्हणाले. त्यांनी त्याला बाजूला केलं आणि पाना हातात घेऊन पत्र्याजवळ बसले.

आधी एकामागून एक, भराभर ठोके मारले. मग थांबले. मग तीन मारले. पुन्हा थांबले, या खेपेला जास्त वेळ. मग दोन. मला जाऊन त्यांचा हात धरावासा वाटत होता. मला रडू येत होतं. शेवटी एक ठोका आला, जेमतेम ऐकू येईल इतका.

सगळे वाट बघत राहिले. कानाला हेडफोन लावलेल्या पोराने मान हलवून अजून हवंय असं खुणावलं. दिग्दर्शक हळूच म्हणाला, "आबा, अजून थोडं?"

आबांनी पाना खाली ठेवला. "मी बाहेर हुतो," ते म्हणाले. "याच्या पुढं वाजलं न्हाई."