पिवळा धागा मागे फिरतो

कप्तान हे काही त्याचं खरं नाव नव्हे. टूर मॅनेजर म्हणून तो पांढरी टोपी घालायचा आणि बसच्या दारात उभा राहून बोट नाचवत माणसं मोजायचा, म्हणून ड्रायव्हर लोकांनी ते ठेवलं होतं. चेष्टेने ठेवलंय हे त्याला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. त्याची बायको घरी शिवणकाम करायची. कापड हातात घेतलं की धुतल्यावर आटणार की नाही, हे तिला लगेच कळायचं. नवरा मात्र आटल्यावर कळला.

रविवारी तिचे थोरले दीर आणि जाऊबाई जेवायला येणार होते. मागच्या खेपेला त्यांच्या दिवाणखान्यात एक मोठा नकाशा दिसला होता. त्यांच्या मुलांनी केलेला. सहलीच्या प्रत्येक ठिकाणी टाचणी आणि घरातल्या प्रत्येक माणसाचा वेगळ्या रंगाचा धागा. कप्तानाच्या नाकाला अशी मिरची झोंबली की येताना रिक्षात तो एकच वाक्य घोळवत होता.

"टूरच्या धंद्यात मी, आणि नकाशा यांच्या भिंतीवर?"

तेव्हा रविवारी सकाळी त्याने बायकोची ब्लाउजच्या मापांची कागदी कटिंग्ज भिंतीवरच्या खिळ्यांवरून उतरवली, पलंगाखाली सारली आणि त्या जागी नकाशाचा बोर्ड ठोकला. तिला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. तिच्याच डब्यातल्या टाचण्या, तिचीच रिळं. लाल धागा अर्थातच कप्तानाचा. निळा थोरल्या मुलीचा, हिरवा धाकट्याचा.

"आणि आईचा?" मुलीने विचारलं.

"उरला तो. पिवळा."

मुलांनी हौसेने कागदाच्या होड्या आणि डोंगर कापले होते. कप्तानाने ते वाकडे आहेत म्हणून बाजूला सारले आणि स्वतःच टाचण्या ठोकत सुटला. मुलं जिथे कधी गेलीच नव्हती तिथेही त्याने त्यांचे धागे ताणले.

"बाबा, इथे आपण उतरलो नव्हतो," धाकटा म्हणाला.

"बसमधून दिसलं होतं ना? दिसलं म्हणजे झालं. आमच्यात त्याला पॉइंट झाला असं म्हणतात."

शिलाई मशीनवर बसल्या बसल्या बायकोला हसू आवरेना. चाळिशी उलटलेला हा बाप्या, पोरांच्या खेळात घुसून भावावर कुरघोडी करायला निघाला होता. तिला त्याचा राग येत नसे. राग यायला समोरच्यात काहीतरी दम लागतो.

"आई राहिली होती ती जागा कुठेय?" थोरलीने विचारलं.

"तिथे काही नाही. तो पॉइंट नाही," कप्तान म्हणाला आणि आंघोळीला गेला.

ती जागा म्हणजे रस्त्याकडेचा एक नळ आणि पत्र्याची शेड. काही वर्षांपूर्वी कप्तानाने एका टूरवर बायकामुलांना मागच्या मोकळ्या सीटवर फुकट नेलं होतं. बस थांबली, ती पाण्याची बाटली भरायला उतरली आणि बस निघून गेली. कप्तान गिऱ्हाइकं मोजायचा. घरची माणसं त्याच्या मोजणीत नव्हतीच. संध्याकाळी हॉटेलात पोचल्यावर कळलं, असं त्याने सांगितलं होतं. ती एका भाजीच्या टेम्पोतून एकटी घरी आली होती. पुढे ही गोष्ट तो चारचौघांत विनोद म्हणून सांगू लागला, त्यात बायको दुकानात खरेदीत रमल्याची भरही घातली. तिने ते गिळलं, कारण तिने मनाशी एक हिशेब पक्का केला होता. हा माणूस मूर्ख आहे, लबाड नाही, आणि मूर्खाबरोबर संसार निभावता येतो. तेवढ्या एका समजुतीवर तिने इतकी वर्षं काढली होती.

आंघोळीचं पाणी वाजत होतं तोवर थोरली स्टुलावर चढली. नकाशावरच्या कोऱ्या जागेत तिने एक टाचणी टोचली, पिवळा धागा तिथे गुंडाळला आणि सरळ घराकडे वळवला. बाकीचे तीन धागे तिथून पुढे समुद्राकडे गेले. आईने पाहिलं, पण अडवलं नाही. उलट तिला गंमत वाटली. होऊ दे कप्तानाची फजिती.

दीर-जाऊ आले. कप्तानाने टोपी घालून नकाशा दाखवायला सुरुवात केली. तोंडाचा पट्टा असा सुटला की जाऊबाईंना बसायचंही सुचेना.

"हा पिवळा मध्येच मागे का फिरलाय रे?" दिरांनी विचारलं.

कप्तान क्षणभर चपापला, मग दात काढून हसला. "अरे तो किस्सा! ही बसली दुकानात रमत..."

"तिथे दुकान नव्हतं, काका," थोरली म्हणाली. "नळ होता. बस निघाल्या निघाल्या मी बाबांना सांगितलं होतं, आई राहिली. ते म्हणाले, आता मागे फिरलो तर लोकांचा सूर्यास्त हुकेल. आई येईल मागच्या बसने. आणि आईला सांगू नकोस, ती उगाच रडेल."

कुणीच हसलं नाही. कप्तानाने टोपी काढली, पुन्हा घातली. "लोकांनी पैसे भरलेले असतात. पोरीला काय कळतंय? तेव्हा एवढीशी होती ही."

त्याने मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. ती कात्री घेऊन नकाशापाशी गेली. ती आता धागा कापणार, या आशेने त्याचा जीव भांड्यात पडला. तिने गाठीचं लोंबणारं टोक तेवढं कापलं. शिवण पक्की झाल्यावर कापतात तसं. मग गाठ नखाने दाबून पाहिली. मूर्ख म्हणून जे जे माफ केलं होतं ते सगळं आता नव्याने बघावं लागणार होतं, आणि तिला त्याची शिसारी आली.

"जेवायला बसा, भावोजी," ती म्हणाली.

तिने ताटं मांडली. दिरांचं, जाऊबाईंचं, दोन्ही मुलांचं, स्वतःचं. सगळे बसले. कप्तान उभाच राहिला. सवयीने त्याचं बोट ताटांवरून फिरलं आणि शेवटी हवेतच थांबलं.

"अगं, एक कमी आहे. माझं ताट?"

"येईल मागच्या बसने," ती म्हणाली आणि धाकट्याला वाढू लागली.